ताम्रपत्र्यावरचे वेरूळ



वेरूळचे कैलास लेणे आपणांपैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनीही त्याचे छायाचित्र केव्हा ना केव्हा पाहिलेले असणारच. छायाचित्र ही आता इतकी सुलभ वस्तू झाली आहे की, ती नसताना लोक दूरदेशीच्या वास्तूंची कल्पना कशी करीत असतील हा प्रश्नच आपल्या मनात येत नाही. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली. तत्पूर्वी सुमारे अडीचशे वर्षे आपली लेणी, आपली पडकी देवळे आणि त्यांतील भग्न मूर्ती ह्यांचे रूप परदेशीच्या वाचकांपर्यंत पोचत होते ते मुख्यतः एकाच वाटेने : तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या किंवा तेजाबाने खोदलेल्या आणि मग कागदावर छापलेल्या चित्रांच्या वाटेने. ह्या छापचित्रांविषयी आज मला बोलावयाचे आहे. ती सुंदर आहेत हे कोणीही मान्य करील. ती खरी आहेत काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आणि ती कोणाची आहेत, हा त्याहूनही अवघड.

मी शिक्षक आहे, आणि सुरत जिल्ह्यातील पलसाण्यास राहतो. आमच्या ह्या सपाट, उसाच्या मुलखात वेरूळ-घारापुरीसारखी लेणी कोठून असणार? परंतु लेण्यांच्या ह्या चित्रकथेचे दोन मोठे प्रवासी सुरतेस येऊन राहिले होते. पहिला आंकतिल द्युपेराँ नावाचा तरुण फ्रेंच. पारशी धर्मग्रंथांच्या शोधार्थ तो १७५८ साली सुरतेस आला, आणि येताना वाटेत त्याने वेरूळ पाहिले. सुरतेस पारशी दस्तुरांपाशी अध्ययन करून तो १७६१ मध्ये परतला व १७७१ मध्ये त्याने पॅरिसला आपला ‘झेंद-अवेस्ता’ प्रसिद्ध केला. त्यातील प्रवासवृत्तात वेरूळचे वर्णन आहे. लेण्यामागून लेणे, दालनामागून दालन, इतके खांब, इतक्या मूर्ती, अमुक लांबी, अमुक रुंदी असे ते चालते. प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्यास जागा नाही. पण ते वाचून ज्याने वेरूळ पाहिले नाही त्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत असेल असे मला वाटत नाही. कोठाराची यादी वाचून घर दिसत नाही, तसेच ते आहे.

मग चित्र असले म्हणजे सारे साधले काय? तसेही नाही. यान फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून राहिला होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला निघाला. त्यात हिंदू देवळाचे एक ताम्रचित्र आहे. देवळातील देवता पाहावी तर शिंगे असलेली, अक्राळविक्राळ, युरोपातील चर्चच्या भिंतींवर रंगविलेल्या सैतानाची सख्खी बहीण! ज्याने ते कोरले त्याने हिंदुस्थानचा किनारा कधी पाहिला नव्हता. त्याला ‘मूर्तिपूजकांचा देव’ एवढे शब्द मिळाले, आणि त्या शब्दांबरोबर त्याच्या मनात जे रूप होते ते त्याने पत्र्यावर उतरविले. चित्र देखणे आहे, हात सफाईचा आहे. पुरावा म्हणून मात्र ते आपल्या देवळांविषयी काही सांगत नाही, कोरणाऱ्याच्या मनाविषयी सांगते.

सुरतेस आलेला दुसरा प्रवासी कार्स्टेन नीबूर. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानच्या संशोधनासाठी एक मोहीम धाडली होती. तिच्यात भाषापंडित होता, वनस्पतिशास्त्रज्ञ होता, वैद्य होता, आणि बाउरेनफाइंड नावाचा एक चित्रकार होता, जो ताम्रचित्रे कोरण्यातही निष्णात होता. नीबूर हा केवळ मोजणीदार. दोन वर्षांत येमेनच्या तापाने एकेक जण गेला. चित्रकार मोख्याहून मुंबईस येताना जहाजावर वारला, वैद्य मुंबईत वारला, आणि नीबूर एकटाच उरला. १७६४ मध्ये तो सुरतेस येऊन गेला. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्याच्या तीन फेऱ्या केल्या. ज्याने चित्रे काढावयाची तो समुद्राच्या तळाशी. तेव्हा ह्या मोजणीदाराने स्वतःच हाती कागद घेतला. त्याने प्रथम लेण्याचा नकाशा मोजून काढला, खांब कोठे, गाभारा कोठे, कोणत्या भिंतीवर कोणता देखावा, हे ठरविले आणि मग मूर्ती काढल्या. १७७८ मध्ये त्याच्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या भागात ती पाने छापून आली. घारापुरीच्या मूर्तींच्या अंगी जी संथ लय आहे ती नीबूरला साधलेली नाही. त्याचे देव थोडे ताठरलेले वाटतात. परंतु ही चित्रे पाहताना एक गोष्ट मनात ठसते की, हा मनुष्य दगडासमोर उभा होता. लिन्सखोटेनच्या कारागिरापाशी कौशल्य होते, नीबूरपाशी साक्ष आहे. मला नीबूर अधिक मोलाचा वाटतो.

घारापुरीची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगतो. पोर्तुगीज इतिहासकार द्योगु दु कोतु ह्याने नमूद करून ठेवले आहे की, ह्या लेण्याच्या दाराशी एक शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. राजाने तो वाचवून घेण्याची खटपट केली, वाचणारा कोणी मिळाला नाही, आणि पुढे तो दगडच नाहीसा झाला. दगड हलविण्यापूर्वी कोणी त्यावरील अक्षरे, अर्थ न कळताही, जशीच्या तशी कागदावर उतरून घेतली असती, तर घारापुरी कोणी कोरविली ह्याविषयी विद्वानांना आज शैलीवरून आणि सापडलेल्या नाण्यांवरून तर्क करीत बसावे लागते ते बहुधा लागले नसते. मी स्वतः कॅथलिक आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात फ्रान्सिस्कन साधूंनी चर्च थाटले आणि कोरीव भिंतीवर क्रूस खोदला, हे मी जाणतो, आणि त्याची वकिली करण्याची मला इच्छा नाही. परंतु तो क्रूस निदान जागेवर आहे. पाहणाऱ्याला काय घडले ते कळते. घारापुरीच्या लेखाचा मागमूसही उरला नाही.

आता ही चित्रे तयार कशी होत, ते थोडक्यात सांगावयास हवे. त्यावाचून त्यांचा खरेखोटेपणा कळणार नाही. पहिली रीत म्हणजे गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर टोकदार पोलादी कलमाने रेषा कोरणे. त्या खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा स्वच्छ पुसायचा आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. खाचेतील शाई कागद ओढून घेतो. दुसऱ्या रीतीत पत्र्याला मेणाचा लेप देऊन त्यावर रेखाटतात आणि मग तेजाब ओततात. जेथे लेप खरवडला तेथे तेजाब तांबे खाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक युक्ती निघाली. पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून ती तापवून चिकटवायची आणि तेजाबात बुडवायचे. कणांच्या मधल्या जागा खाल्ल्या जातात आणि छापताना सपाट, जलरंगासारखी छाया उमटते. जेथे अधिक उजेड हवा तेथे रोगण लावून पत्रा झाकायचा आणि पुन्हा बुडवायचा. असे पाच-सहा वेळा केले की फिकट आकाशापासून लेण्याच्या आतल्या काळोखापर्यंत सर्व छटा मिळतात. लेण्यांचे चित्र काढण्यास ह्याहून योग्य तंत्र सापडणे कठीण. उन्हाने तापलेला कातळ आणि आतला थंड अंधार ह्यांतील अंतर ह्या चित्रांत जसे उतरते तसे कित्येक छायाचित्रांतही उतरत नाही.

ह्या सर्व रीतींत एक खोच आहे. पत्र्यावरचे चित्र कागदावर आरशातल्यासारखे उलटे उमटते. म्हणून कोरणाऱ्याने मूळ चित्र उलटून कोरावे लागते. तो चुकला, अथवा त्याने आळस केला, तर डाव्याचे उजवे होते. निसर्गदृश्यात हे कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु मूर्तीच्या चित्रात लगेच येते. घारापुरीतील अर्धनारीनटेश्वराचेच पाहा. शिवाचे अर्धे अंग स्त्रीचे, आणि ते नेहमी त्याच्या डाव्या बाजूचे. छापचित्रात जर स्त्रीचे अंग उजवीकडे गेलेले आढळले तर चित्र उलटे छापले गेले आहे असे खुशाल समजावे. ह्याच मूर्तीला पूर्वीच्या कित्येक युरोपीय प्रवाशांनी एकच स्तन पाहून ग्रीक पुराणांतील लढवय्या स्त्रियांपैकी एक, अ‍ॅमेझॉन, ठरविले होते. मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे विल्यम अर्स्किन ह्याने १८१३ मध्ये घारापुरीवर निबंध वाचला आणि तो १८१९ मध्ये नकाशा व चित्रांसह छापला गेला, तोपर्यंत असल्या समजुतींचे राज्य होते.

ह्या पार्श्वभूमीवर आता वेरूळकडे वळू.

चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ पासून पुण्यास पेशव्यांच्या दरबारी होता. त्याला आपल्या देशातील प्राचीन वास्तूंचे वेड होते. १७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईस आला व पुढल्या वर्षी पुण्यास गेला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे ह्यांची जी तैलचित्रे आपण शाळेच्या पुस्तकांतून पाहत आलो, त्यांच्या मुळाशी ह्या वेल्सची कुंचली आहे. मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही निघाली. तेथे वेल्सच्या हाताखाली मराठी कारागीर पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकत. त्यांतील सर्वांत नावाजलेला गृहस्थ गंगाराम चिंतामण तांबट.

गंगाराम हा केवळ वेल्सचा विद्यार्थी होता असे मात्र समजू नये. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले एक चित्र उपलब्ध आहे आणि त्यावरील तारीख नोव्हेंबर १७९० ची आहे. तेव्हा वेल्स हिंदुस्थानात आलेलाही नव्हता! मॅलेटने गंगारामाकडून वेरूळच्या लेण्यांची चित्रे करवून घेतली आणि १७९४ मध्ये आपल्या वर्णनाबरोबर ती कलकत्त्यास धाडली. एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ ह्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात तो लेख आला. वेल्स स्वतः वेरूळला जाऊन काम करू लागला तो १७९५ मध्ये. म्हणजे ह्या लेण्यांच्या चित्रणाची वाट आधी कोणी पाडली, ते उघड आहे.

वेल्सचा शेवट लवकर झाला. साष्टीतील लेण्यांचे काम चालू असता तो आजारी पडला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये वारला. त्याच्या आदल्याच महिन्यात सवाई माधवरावांचा अंत झाला होता. पुण्याच्या दरबारची घडी विसकटली. चित्रशाळा कोण चालविणार? मॅलेट काही वर्षांनी विलायतेस परतला. वेल्सच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. वेरूळची रेखाटने टॉमस डॅनिएल ह्या निष्णात चित्रकाराच्या हाती सोपविण्यात आली. डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ ते १७९३ हिंदुस्थानभर फिरले होते. त्यांची ‘ओरिएंटल सीनरी’ ही १४४ चित्रांची माला १७९५ ते १८०८ ह्या काळात निघाली, आणि तिच्याबरोबरच १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये राळेच्या पद्धतीने छापून प्रसिद्ध झाली. ही पाने हाती घेऊन पाहावीत अशी आहेत. कैलासाच्या अंगणातला हत्ती, ध्वजस्तंभ, वर उभा राहिलेला कातळ आणि त्याच्या पायथ्याशी मुंगीएवढी माणसे. आकारमानाचा जो धाक वेरूळला गेल्यावर छातीत भरतो, तो त्या कागदावर आहे.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लिहिले आहे : जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, टॉमस डॅनिएलच्या हातून व देखरेखीखाली. गंगाराम तांबटाचे नाव तेथे नाही.

मला ह्यात कोणावर आरोपपत्र ठेवावयाचे नाही. त्या काळी हाताखालच्या माणसाचे नाव घालण्याची चाल विलायतेतही नव्हती; डॅनिएलच्या चित्रांना ज्यांनी लंडनमध्ये हाताने रंग दिले त्यांची नावे कोठे आहेत? परंतु जेव्हा आपण ह्या चित्रांना इतिहासाचा पुरावा म्हणतो, तेव्हा न्यायालयात विचारतात तोच प्रश्न विचारावा लागतो, की साक्षीदार कोण? प्रत्यक्ष कोणी पाहिले? वेरूळच्या चित्रांच्या बाबतीत डॅनिएल हा साक्षीदार नव्हे. तो साक्ष उत्तम भाषेत लिहून काढणारा लेखनिक. लेण्यांपुढे उभे राहिलेले दोघे, वेल्स आणि गंगाराम. त्यांतही महिषासुरमर्दिनी कोणती, कैलास हलविणारा रावण कोणता, हे गंगारामाला कोणी समजावून सांगावे लागले नसेल. नीबूरला जे हात आणि आयुधे मोजून काढावी लागली, ती गंगारामाच्या घरच्या देव्हाऱ्यात होती.

आणि आडनावाचा योगायोग पाहा. तांबट म्हणजे तांबे घडविणारा. पुण्यात तांबट आळी आजही आहे. पत्रा ठोकून सारखा करणे, त्यावर नक्षी कोरणे, हे ज्या जातीचे पिढीजात काम, तिच्यातल्या माणसाची चित्रे कागदावर राहिली आणि तांब्यावर चढली ती लंडनमध्ये, दुसऱ्याच्या हाताने. ते काम येथे होण्यासारखे नव्हते असे म्हणता येत नाही. नाना फडणिसांच्या मनात भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापण्याचे होते, आणि १८०५ मध्ये मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने अशी गीता खरोखरच छापून निघाली. वेरूळचा चित्रग्रंथ लंडनला निघाल्यानंतर अवघी दोन वर्षे झाली होती. चित्र काढणारा हात येथे होता, तांबे कोरणारा हातही येथे होता. दोहोंची गाठ घालून देणारे राज्य तेवढे हातून निसटत चालले होते.

आता ह्या पानांवर विश्वास किती ठेवावा? माझ्या मते रेषेवर पुष्कळ, रंगावर फारच थोडा. रेषा दगडासमोर बसून काढलेली असते. रंग लंडनच्या खोलीत भरलेला असतो. कैलासावर एके काळी पांढरा गिलावा व त्यावर रंगकाम होते, आणि त्यामुळे लोक त्याला रंगमहाल म्हणत. त्या रंगाचे अवशेष किती उरले होते हे डॅनिएलच्या छटांवरून ठरवू गेल्यास फसगत होईल. पुढे झाडांचा आणि ढगांचाही फारसा भरवसा धरू नये. त्या काळच्या इंग्रज चित्रकाराला अवशेषाच्या कडेला एक वाकलेले झाड आणि सावलीत बसलेली दोन माणसे असल्यावाचून चित्र पुरे झाले असे वाटतच नसे. पुढे १८२६ पासून रॉबर्ट ग्रिंडले ह्या लष्करी अधिकाऱ्याने पश्चिम हिंदुस्थानची जी रंगीत छापचित्रे काढली, त्यांतही वेरूळ आहे आणि हा थाटही आहे. ज्यांच्या घरी ग्रिंडलेज बँकेची जुनी पासबुके असतील त्यांना सांगावयास हरकत नाही की, ती बँक काढणारा तो हाच.

तरीही ही चित्रे नसती तर काय काय गेले असते, ते पाहण्यासारखे आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले, त्याचे डोके व मान १८१४ मध्ये कोसळली, आणि १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणण्यात आले. पुढे ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला आहे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आपण पाहतो. पण कॅप्टन पाइक ह्याने १७१२ मध्ये काढलेल्या आणि पुढे छापलेल्या चित्रात ह्या हत्तीच्या पाठीवर आणखी एक छोटा प्राणी आहे. त्याचे रूप समजून घ्यावयाचे तर असली जुनी चित्रेच हाती धरावी लागतात.

अजिंठ्याची कथा तर ह्याहून चमत्कारिक. रॉबर्ट गिल ह्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तेथे राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असता १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. परंतु तत्पूर्वी, १८५६ मध्ये, मिसेस स्पीअर ह्या बाईंच्या प्राचीन हिंदुस्थानावरील पुस्तकात त्यांतील काहींची वीतभर लाकडी ठशांची चित्रे छापली गेली होती. प्रचंड कॅनव्हास गेले, वीतभर ठसे राहिले.

आमच्या गुजरातेतही उदाहरणे आहेत. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स ह्याने १८५६ मध्ये ‘रासमाला’ हा गुजरातचा इतिहास प्रसिद्ध केला; त्यातील वास्तूंची चित्रे बहुतांशी त्याच्या स्वतःच्या हातची. सिद्धपूरच्या रुद्रमहालयाचे अवशेष त्यात आहेत. प्रभासपाटणच्या सोमनाथाचे जुने पडके देऊळ नव्या मंदिरासाठी १९५० मध्ये उतरविण्यात आले; ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते नव्याची प्राणप्रतिष्ठा झाली. नवे हवे होते, ते झाले. जुन्याची घडण मात्र आता १८६९ ची छायाचित्रे आणि हेन्री कझिन्सच्या १९३१ च्या ग्रंथातील पाने ह्यांतच पाहावी लागते.

गंगाराम तांबटाची मूळ चित्रे आज अमेरिकेत, न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत, आणि त्यांखाली त्याचे नाव आहे. त्या संस्थेने ती घरबसल्या पाहता येतील अशी सोय केली आहे. आमच्या शाळांच्या सहली दरवर्षी वेरूळला जातात. मुले कैलासापुढे ओळीने उभी राहतात, गुरुजी राष्ट्रकूट राजा कृष्ण ह्याचे नाव सांगतात, आणि अर्ध्या तासात मंडळी पुढल्या गाडीकडे वळते. माझी शिक्षकबंधूंना एवढीच सूचना आहे की, निघताना त्या चित्रांच्या दोन-तीन प्रती बरोबर घ्याव्यात आणि मुलांना सांगावे की, हे ज्या जागेवरून काढले ती जागा शोधून काढा. कोणता खांब कोणत्या खांबाआड जातो, हत्तीचा कोणता पाय दिसतो, हे ताडून पाहत ती पुढेमागे सरकतील. ती जागा सापडली म्हणजे तेथेच बसून प्रत्येकाने वहीत एक रेखाटन करावे, आणि खाली तारीख व आपले नाव घालावे.